दारातली ट्रंक आणि बाबांचं प्रेशर

आमच्या बाबांचं ब्लडप्रेशर घरी चढायचं आणि कचेरीत उतरायचं. बाकीच्या कारकुनांचं याच्या उलट असतं म्हणतात. कचेरीत साहेब असतो, फायली असतात, डोकं तिथे तापतं आणि घरी येऊन जरा थंड होतं, अशी जगाची रीत. आमच्याकडे उलटी गंगा. आणि हे एका शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाऱ्याच्या पेटीवर मोजून आईला तोंडावर सांगितलं. तेव्हा आईचा चेहरा कसा झाला होता, ते मला एवढ्या वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं.

परवा माझा नातू मनगटावरचं ते नाडी मोजणारं घड्याळ दाखवून मला शिकवत होता. आजी, मन बरं नसलं की शरीर बिघडतं, असं रिसर्चमध्ये निघालंय म्हणे. मी म्हटलं, बाळा, तो रिसर्च आमच्या हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या घरात झाला, आणि त्यात आमचा कॅरम बोर्ड कामी आला. त्याला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. त्याला मराठी धड वाचता येत नाही, ती गोष्ट वेगळी. कुणाकडून तरी वाचून घेईल.

ते दिवस राज्य फुटायचे होते. हैदराबादच्या राज्याचे तीन वाटे होणार होते. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. नकाशावर रेघ मारून जमीन वाटता येते हो, पण सरकारी नोकर कसे वाटायचे? त्यांना विचारण्यात आलं की बाबांनो, तुम्हाला कुठे जायचंय ते सांगा. याला ऑप्शन देणं म्हणायचे. ऑप्शन दिलं की ऑर्डरची वाट बघत बसायचं. ऑर्डर मागितल्याप्रमाणेच येईल याचा भरवसा नाही आणि कधी येईल याचा तर मुळीच नाही. राज्य फुटून गेलं, पाट्या बदलल्या, तरी कित्येकांच्या ऑर्डरी लटकलेल्याच होत्या. त्यात आमचीही.

बाबा महसूल खात्यात कारकून होते. त्यांनी औरंगाबादचं ऑप्शन दिलं. एका संध्याकाळी बशीतला चहा फुंकत फुंकत त्यांनी घरात ते सांगून टाकलं. आई नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने बांधाबांध काढली. त्यावर दोघांमध्ये आणखी एक शब्दही झाला नाही. आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तर त्यावर अर्धा तास बोलणं व्हायचं, पण मोठ्या गोष्टी अशा एका 'बरं'मध्ये उरकायच्या.

आम्ही पोर्शनमध्ये राहायचो. पोर्शन म्हणजे एका लांबलचक घराचा भाड्याने दिलेला तुकडा. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि समोर सगळ्या पोर्शनवाल्यांची मिळून एक ओटी. एवढ्याशा जागेत आईने जे जे बांधता येईल ते ते बांधलं. पितळी डबे गोणपाटात गेले. चांगल्या कपबशा भुश्यात गेल्या. बाबांच्या आरामखुर्चीचं कापड काढून गुंडाळलं गेलं आणि सांगाडा भिंतीला टेकवला गेला. कॅरम बोर्ड तर तिने गोणपाटात घालून दाभणाने चारी बाजूंनी शिवून टाकला. प्रत्येक बोचक्यावर बाबांनी काळ्या रंगाने आपला हुद्दा लिहिला आणि खाली गावासाठी जागा कोरी सोडली. गाव ऑर्डर आल्यावर लिहायचं होतं.

आणि दारात ट्रंक. आईच्या लग्नातली, हिरव्या रंगाची, भलीमोठी लोखंडी ट्रंक. एरवी ती पलंगाखाली असायची. आईने ती ओढून पुढच्या दाराशी आणून ठेवली, तिला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि वर जास्तीच्या अंथरुणांच्या वळकट्या रचल्या. तिला कुणी हात लावायचा नाही, वर बसायचं नाही आणि सरकवायचीही नाही, असा हुकूम निघाला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा गुडघा तिच्यावर आपटायचा. बाबा रोज सकाळी तिच्याजवळ उभं राहून बूट चढवायचे आणि बूट चढवून झाल्यावरही काही वेळ तिच्याकडे बघत राहायचे.

अशी एक दिवाळी गेली, दुसरी गेली. आम्ही आपले दोन कपांत चहा पितोय. पाहुणे चार आले तर दोघांनी आधी प्यायचा, कप विसळले की दुसऱ्या दोघांनी. मी बाराची होते, धाकटा भाऊ सातचा. खेळायचं म्हटलं की कॅरम शिवलेला, वाचायचं म्हटलं की पुस्तकं बोचक्यात. काहीही मागितलं की आई म्हणायची, आता कुठे उसवायचं, आज-उद्या ऑर्डर येईल. ती आज-उद्या काही येत नव्हती.

अशात एक दिवस गल्लीत सायकलरिक्षा थांबली आणि डॉक्टरीणबाई उतरल्या. तरुण, किडमिड्या, जाड चष्म्याच्या, हातात लाकडी पेटी. त्या दवाखान्याच्या नव्हत्या, अभ्यासाच्या होत्या. माणसाची काळजी, झोप, खाणंपिणं, चालणंफिरणं आणि हसणंबोलणं यांचा त्याच्या रक्तदाबाशी काही संबंध लागतो का, हे त्यांना बघायचं होतं. आणि काळजीत असलेली माणसं एका जागी घाऊक मिळावीत म्हणून त्यांनी ऑर्डरीची वाट बघणारे सरकारी नोकर निवडले होते. बाईंचं डोकं चालत होतं, यात शंका नाही. त्या मूळच्या तेलुगू, पण आमच्याशी दख्खनीत, म्हणजे हैदराबादी उर्दूत, बोलायच्या. आईचीही दख्खनी बाजारात घासून तयार झालेली होती.

बाई यायच्या आधीच गल्लीत बातमी पोचली होती की सरकारी माणूस तब्येत तपासायला येतंय, आणि यावरूनच कोण जाणार, कोण राहणार ते ठरणार. कुणी म्हणालं, आजारी असतील त्यांना इथेच ठेवतील. कुणी म्हणालं, छे, आजारी आधी मुंबई राज्याच्या गळ्यात मारतील. झालं! ज्याला जे हवं होतं त्याप्रमाणे प्रत्येकाने तब्येत करून घेतली. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ आयुष्यात कधी शिंकले नव्हते, ते कांबळं पांघरून कण्हायला लागले. त्यांच्या समोरचे दम्याचे होते, ते बाई दिसताच ओटीवर बैठका मारू लागले आणि तिथेच धापा टाकत बसले. बाईंनी दोघांचं प्रेशर घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

आमच्या घरात कण्हायचं की बैठका मारायच्या, हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. बाबा आईकडे बघत होते, आई बाबांकडे बघत होती. मग आई म्हणाली की जे असेल ते खरं सांगा.

बाबा जमिनीवर मांडी घालून बसले. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पारा वर गेला आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा दाबला, पुन्हा आठ्या. मग त्यांनी बाबांना विचारलं की घरात कुणाला हा त्रास होता का. आईनेच सांगितलं. माझे आजोबा जेवता जेवता गेले होते, घास हातातच होता. अर्धांगाचा झटका. बाबा आता त्यांच्याच वयाला येऊन टेकले होते, आणि हे गणित आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, फक्त मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं.

बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. हे असंच राहिलं तर वडिलांच्या वाटेने जाल, असं त्यांनी बाबांना सांगून टाकलं. सर्पगंधाच्या गोळ्या लिहून दिल्या, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि आपण दर आठवड्याला येऊन मोजणार म्हणाल्या. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. किती चालता, किती झोपता, काय खाता. शेवटी विचारलं, "आखरी बार दिल खोलके कब हँसे?"

बाबा कचेरीतल्या सवयीने म्हणाले की माहिती घेऊन कळवतो. आई आतून म्हणाली की ऑप्शन द्यायच्या आदल्या रविवारी हसले होते, कॅरमला शेजारच्यांची राणी गेली तेव्हा, मी साक्षीला आहे.

त्या दिवसापासून आईने बाबांच्या प्रेशरला आपला वैरी ठरवलं. लोणचं बंद, पापड बंद, मीठ चिमटीने. शेजारच्या पोर्शनमध्ये एक तेलुगू बाई राहायच्या, आम्ही त्यांना पिन्नी म्हणायचो, म्हणजे मावशी. त्यांच्याकडून दर आठवड्याला गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, आंबट चटणी यायची आणि बाबा तिच्यावर जीव टाकायचे. तीही बंद. पिन्नी रुसल्या. दुपारी ओटीवर तांदूळ निवडायला आई आणि पिन्नी रोज एकत्र बसायच्या. पिन्नी तेलुगूत बोलायच्या, आई मराठीत, आणि दोघी एकमेकींना हुंकार द्यायच्या. भाषा येत नव्हती, बाकी सगळं कळत होतं. चटणीवरून पिन्नींनी चार दिवस हुंकार दिला नाही. पाचव्या दिवशी आईने बाबांच्या दंडाला पट्टा कसा बांधतात आणि पारा कसा चढतो, ते हातवारे करून दाखवलं, तेव्हा पिन्नींनी डोळे पुसले आणि बिनमिठाची चटणी करून आणली. ती बाबांनी एक घास खाल्ली आणि म्हणाले की यापेक्षा झटका बरा.

एवढं करून प्रेशर जागच्या जागी. बाईही चक्रावल्या. एकदा त्या दुसऱ्या लोकांना तपासायला बाबांच्या कचेरीत गेल्या होत्या, तिथे बाबा दिसले म्हणून त्यांचंही मोजलं. बरंच खाली! त्यांना वाटलं, पेटीत बिघाड आहे. पुढच्या वेळी मुद्दाम सकाळी घरी मोजलं आणि दुपारी कचेरीत मोजलं. घरी वर, कचेरीत खाली. मग त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत बसून, आईकडे बघत, अगदी सरळपणे विचारलं की इनको घर में क्या तकलीफ है.

आई ताठ उभी राहिली. "माझ्या घरात तकलीफ?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मग आतून भांड्यांचे जे आवाज आले, ते ऐकून बाबांचं प्रेशर त्या दिवशी मोजण्यात अर्थच उरला नाही.

पुढच्या आठवड्यात आईने घराची पार चाळणी केली. आम्हाला पाढे मनात म्हणायला लावले. बाबांची झोपायची दिशा बदलली. बाबा घरात आले की कुणी भांडायचं नाही, कुणी धावायचं नाही, पाट वाजवायचा नाही. आम्ही इतके शहाण्यासारखे वागलो की बाबांनी धाकट्याच्या कपाळाला हात लावून बघितला, पोराला ताप आहे की काय म्हणून. मी रात्री अंथरुणात पडून मनापासून घाबरायची. बाबा जेवायला बसले की त्यांच्या हातातल्या घासाकडे बघत बसायची. तो तोंडात गेला की मग मी माझा उचलायची.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा चहा झाला. पिन्नी आल्या होत्या, त्यांच्या हातात एक कप होता. बाबांच्या हातात दुसरा. डॉक्टरीणबाईंना आईने पाणी प्यायच्या वाटीत चहा दिला आणि वर ओशाळं हसली, की चांगले कप बांधलेत. बाईंनी वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच खोली नीट बघितली. बोचकी, गोणपाटं, भिंतीला टेकलेला खुर्चीचा सांगाडा, दारातली ट्रंक, जिच्यावर त्यांचाही गुडघा दर आठवड्याला आपटत होता.

"आप लोगां कब जा रहे?"

आई म्हणाली, ऑर्डर आल्यावर.

"सामान कब से बंधा है?"

आईने सांगितलं. बाई जाताना म्हणाल्या की गोळ्या चालू ठेवा, मीठ थोडं खाल्लं तरी चालेल, आणि तो कॅरम बोर्ड आज संध्याकाळी उघडा. आई म्हणाली की उघडायला काही नाही, पण पुन्हा शिवणार कोण? आज-उद्या ऑर्डर येईल. कॅरम शिवलेलाच राहिला.

पुढच्या आठवड्यात तो तसाच बघून बाईंनी जाहीर केलं की पुढच्या खेपेला त्या नवराबायकोशी वेगवेगळं बोलणार. एकेकट्याशी. बाकी कुणी जवळ असता कामा नये. आता बोला! दोन खोल्यांच्या पोर्शनमध्ये एकटं? तिथे एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला कळायचं. पण बाईंचा हट्ट. म्हणून रविवारी दुपारी आमची सगळ्यांची ओटीवर रवानगी झाली.

आधी बाबांना आत बसवलं. आई भली माणूस. दुसऱ्याचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून ती ओटीवर बसून पिन्नींशी इतक्या मोठ्याने बोलत होती की कोपऱ्यावरचे कण्हणारे गृहस्थ काय झालं ते बघायला बाहेर आले. बाबा बाहेर आले ते मान खाली घालून. मग आई आत गेली. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पायरीवर बसले, कारण सावली तिथेच होती. मी त्यांच्याजवळ. आणि आमच्या आईचा आवाज! तिने हळू बोलायचं ठरवलं, तरी पिठाच्या गिरणीत बसलेल्याला ऐकू जाईल असा.

बाईंनी विचारलं की झोप लागते का. आई म्हणाली, नाही. बाईंनी विचारलं, कशाने. इथे आईची दख्खनी संपली. ती मराठीतच सुरू झाली आणि बाईंना कळतंय की नाही, याची तिने पर्वा केली नाही.

"यांना आपल्या भाषेच्या राज्यात जायचंय. जावं. त्यांचा हक्क आहे. पण मला नाही हो जायचं. माझं सगळं इथे आहे. ती पिन्नी मला औरंगाबादला कुठून मिळणार? मी आडवी येतेय असं यांना वाटू नये म्हणून ती ट्रंक दारात ठेवलीय, माझी तयारी आहे असं दिसावं म्हणून. तुम्ही हे त्यांना सांगू नका."

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं, आता झटका येतो. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला, उठले, दारात गेले आणि ट्रंकेवरच्या वळकट्या एकेक करून मागे जमिनीवर ढकलायला लागले. आतून आई आणि बाई धावत आल्या. मी किंचाळले की बाबा, जड उचलायचं नाही. आईने त्यांचा दंड धरला. बाबा कुणाचं ऐकायला जागेवरच नव्हते. वाकले, छाती भरून श्वास घेतला, दोन्ही कड्या धरल्या आणि सगळा जोर लावून ट्रंक ओढली.

ट्रंक सुपासारखी वर आली. एवढा जोर लावलेले बाबा मागच्या मागे वळकट्यांवर बदकन बसले, मांडीवर ट्रंक. बाबांनी ट्रंक हलवून बघितली. आत काहीच वाजलं नाही.

"अगं, ही रिकामी आहे."

आईने पदर तोंडाला लावला. "तुमचं बांधलं, पोरांचं बांधलं. माझं काही बांधवेना हो."

बाबा तसेच मांडीवर ट्रंक घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "मलाही जायचं नव्हतं गं. मला वाटलं, तुला माहेरच्या राज्यात जाता येईल."

माझ्या नांदेडच्या मामांची कार्डं यायची ना, की ताई, आता तू आमच्याच राज्यात येणार! ती बाबाच मोठ्याने वाचून दाखवायचे. आई ऐकून हसायची. त्या हसण्यावर बाबांनी औरंगाबादचं ऑप्शन दिलं होतं, आणि त्या ऑप्शनवर आईने अख्खं घर बांधलं होतं. पुढे बाबांनीच मला सांगितलं की रोज सकाळी बूट घालताना त्या ट्रंकेकडे बघून त्यांच्या मनात यायचं, बघ, हिची केव्हाची तयारी झालीय आणि तुझा मात्र या गावातून पाय निघत नाही. आणि मग कपाळाची शीर उडायला लागायची. कचेरीत ट्रंक नव्हती. तिथे ते सुखात असायचे.

आधी हसू बाबांना आलं. पोटातून, बसल्या जागी, मांडीवरची ट्रंक गदगदत. मग आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. धाकट्याला काहीच कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यांत मोठ्याने हसला. दारातून पिन्नींनी विचारलं की एमैंदी, काय झालं? आईने रडतरडत मराठीत सगळं सांगितलं आणि पिन्नींना सगळं कळलं, त्याही डोळे पुसायला लागल्या. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता, खरं सांगते. दोन-दोन दिवाळ्या माझा कॅरम शिवून ठेवला, मी दर घासाला जीव मुठीत धरून बसले, आणि हे दोघे एकमेकांना काही विचारायलाच तयार नव्हते! पण बाबांना असं हसताना बघून माझाही बांध फुटला.

बाबांनी शर्टाची बाही वर केली आणि बाईंपुढे दंड धरला की आता मोजा. बाई म्हणाल्या, नक्को, हसल्याबरोबर मोजायचं नसतं, जरा थांबा. मग थांबेपर्यंत करायचं काय? त्यांनी आईकडे कात्री मागितली आणि स्वतःच्या हाताने कॅरम बोर्डाची शिवण उसवली. सोंगट्या कुठल्या बोचक्यात होत्या ते आईला बरोबर माहीत होतं. बाबा आणि बाई एका बाजूला, मी आणि पिन्नी दुसऱ्या. चष्मा सावरत सावरत बाईंनी पहिल्याच डावात राणी घेतली आणि वर कव्हरही दिला. अभ्यासाच्या बाई म्हणजे काय असतात, ते मला त्या दिवशी समजलं.

डाव संपल्यावर मोजलं. अगदी निरोग्यासारखं नव्हतं आलं, तसं एका दिवसात येतही नसतं, पण कचेरीत यायचं तेवढ्यावर आलं होतं. बाईंनी ते सांगितलं तेव्हा आई म्हणाली की चला, माझं घर कचेरीइतकं तरी झालं. मी तिचं ते बोलणं कितीतरी वर्षं बाबांना चिडवायला वापरलं.

बाबांनी ऑप्शन बदलून मागणारा अर्ज दिला. तो मंजूर होईल याची काहीच खात्री नव्हती. साहेबाने तर हात झटकले होते की आता उशीर झालाय. म्हणजे वाट बघणं सुरूच होतं, पण आता ती सहा कपांत चहा पीत आणि आरामखुर्चीत बसून बघायची होती. आईने सगळं उसवलं. नुसती ती ट्रंक दारात तशीच राहिली, कुलूप काढलेली, रिकामी. बाबा तिच्यावर बसून बूट घालायचे. बाई यायच्या तेव्हा बाबांना तिच्यावरच बसवून पट्टा बांधायच्या. गोळ्या चालू होत्या, मीठ बेताचं होतं, संध्याकाळी कॅरम होता. पारा कधी थोडा चढायचा, कधी उतरायचा, पण पहिल्यासारखा कधी गेला नाही. आजोबांचं वय बाबांनी ओलांडलं त्या वाढदिवशी आईने पुरण घातलं, आणि बाबांनी पहिला घास हातात धरून माझ्याकडे मिस्कील बघितलं. म्हणजे माझं ते घासाकडे बघणं त्यांना सगळं माहीत होतं. मग त्यांनी तो घास आधी मला भरवला.

बाईंचा अभ्यास पुढे छापून आला असेल. त्यात आमचं घर म्हणजे एक आकडा असेल आणि शेजारी दुसरा आकडा. त्या आकड्यात ट्रंक कशी मावणार, हे काही मला कळत नाही. पण त्यांनी एकदा जाता जाता मला विचारलं होतं की मोठेपणी काय होणार, आणि मी म्हटलं होतं की तुमच्यासारखी कॅरम खेळणार.

ऑर्डर आली ती एका साध्याशा दुपारी. कचेरीतून बाबा चालत आले, नेहमीसारखे, ट्रंकेवर बसून त्यांनी बूट काढले आणि आईला म्हणाले, "इथेच ठेवलंय."

आई "बरं" म्हणाली.

मग तिने बाबांना ट्रंकेवरून उठवलं. आत जाऊन कपाटातल्या साड्या आणल्या, लग्नातला शालू, पिन्नींनी दिलेली पोचमपल्ली, सणावाराच्या, रोजच्या, सगळ्या. दारातच बसून एकेक घडी करून तिने ती ट्रंक काठोकाठ भरली. मग बाबांनी एक कडी धरली आणि तिने दुसरी, आणि दोघांनी मिळून ती पलंगाखाली सरकवली. जड झाली होती, पण बाबांना कुणी अडवलं नाही.